सुट्टी तासांत मोजायची की रात्रींत?



शुऐबा, मीना अब्दुल्ला, अहमदी या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, आठवड्याची सुट्टी किती? उत्तर येईल, एक दिवस. कायदाही तेच म्हणतो. खासगी नोकरदारांसाठीच्या कुवेतच्या २०१० च्या कामगार कायद्यात सहा दिवसांच्या कामानंतर सलग २४ तासांची भरपगारी सुट्टी आहे.

आता हाच प्रश्न रात्रपाळीवाल्याला विचारा. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अशी त्याची पाळी. गुरुवारी सकाळी सुटतो, कंपनीच्या बसनं फहाहीलला किंवा मंगफला येतो, पडदे ओढून झोपतो. उठेपर्यंत दुपार सरलेली असते. रात्री घर झोपतं आणि हा टक्क जागा, कारण गेले सहा दिवस त्याचं शरीर त्या वेळी जागंच होतं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला पुन्हा गेटवर हजर. मोजा: गुरुवार सकाळ ते शुक्रवार संध्याकाळ, छत्तीस तास. कायद्यानं दिले त्यापेक्षा बारा जास्तच. पण झोपायला रात्र मिळाली एक, आणि तीही जागण्यात गेली.

हे आठवायला निमित्त झालं एका श्रोत्या ताईंच्या प्रश्नाचं. त्यांचा भाऊ मालवाहू विमानांवर वैमानिक आहे. त्यांनी विचारलं, ‘दादा महिन्यातले बारा-तेरा दिवस घरी असतो, तरी सुट्टी पुरत नाही म्हणतो. असं कसं हो?’ ड्युटी चार्ट बनवणारी सॉफ्टवेअरं कंपन्यांत बसवून देणं हा माझ्या पोटापाण्याचा एक भाग आहे, त्यामुळे प्रश्न डोक्यात राहिला. शोधत गेलो तर त्याचं उत्तर जुनं निघालं, आणि त्याचा एक मोठा तुकडा चक्क आपल्या नागपुरात सापडला.

आधी चार्ट कसा असतो ते सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास कळेल.

महिना संपत आला की वैमानिकाच्या हातात पुढच्या महिन्याचा चार्ट पडतो. त्यात दोन वेगळी मीटरं चालू असतात. एक उड्डाणाच्या तासांचं: विमान जागेवरून हललं तिथपासून उतरून थांबेपर्यंत. दुसरं ड्युटीच्या तासांचं: कामावर हजेरी लागली तिथपासून सुटका होईपर्यंत. माल चढेपर्यंत तीन तास बसून राहिलात तर ते ड्युटीत धरतात, उड्डाणात नाही. दुसऱ्या गावी विमान ताब्यात घ्यायला प्रवासी म्हणून बसून गेलात तर तेही ड्युटीतच. याशिवाय चार्टवर स्टँडबायचे दिवस असतात, म्हणजे घरी बसायचं पण फोन उशाशी ठेवून. उरतात ते ऑफ. उड्डाणाच्या तासांना बहुतेक देशांत मर्यादा आहे. युरोपात २८ दिवसांत १०० तास आणि कॅलेंडर वर्षात ९००. ऐकायला कमी वाटतात. ‘महिन्याला शंभरच तास? आम्ही तर आठवड्याला अठ्ठेचाळीस करतो,’ असं शुऐबाचा कुणीही म्हणेल. पण शंभर तास उडण्यासाठी ड्युटी बरीच जास्त तासांची होते.

मालवाहू विमानांवर चार्टचे ढोबळ दोन प्रकार दिसतात. पहिला, एका मोठ्या केंद्रावरून रात्रीच्या रात्री जाऊन-येऊन करायच्या फेऱ्यांचा. आपल्या जवळचं असं केंद्र म्हणजे डीएचएलचं बहरीन. भारतात ब्लू डार्टची विमानं १९९६ पासून अशीच रात्री धावतात. दुसरा, लांब पल्ल्याचा. वैमानिक घरून निघाला की सलग पंधरा ते वीस दिवस बाहेर. आज हाँगकाँग, परवा अँकरेज, मग युरोप, मध्ये हॉटेलं. त्यानंतर उरलेले दिवस एकगठ्ठा घरी. बॉम्बे हायवर ओएनजीसीत काम करणारे कुणी तुमच्या नात्यात असतील तर चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी हा हिशोब तुम्हाला नवा नाही. ताईंचा दादा या दुसऱ्या प्रकारातला. फरक एवढाच की बॉम्बे हायवरच्या माणसाचं घड्याळ मुंबईचंच राहतं. दादाचं घड्याळ पंधरवड्यात पृथ्वीला फेरी मारून येतं.

अमेरिकेत वैमानिक महिन्याच्या चार्टवर ज्येष्ठतेप्रमाणे बोली लावतात: आधी लागला त्याला आधी निवड. सर्वात नवा असेल त्याच्या वाट्याला नाताळची रात्र. भारतात आणि आखातात चार्ट बहुतेक कंपनीच बनवते, आपण फार तर विनंती टाकायची.

आता मागे जाऊ.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ जातीचं छोटं विमान घेऊन निघाले, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. विमानात माणूस एकच, तो चालवणारा. बाकी सगळं टपाल. भारताची नियमित विमानसेवा सुरू झाली ती अशी, माल वाहण्यासाठी. जुहूहून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल पुढं बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. याच ऑक्टोबरमध्ये इंपीरियल एअरवेजनं लंडन-कराची मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून उचलून आखाताच्या या बाजूला, अरबस्तानच्या किनाऱ्यावर आणला. म्हणजे लंडनहून मुंबईला येणारं पत्र बसरा आणि बहरीनच्या मधे आपल्या या किनाऱ्यावरून जायला लागलं. तेव्हा शुऐबाला ना बंदर होतं ना रिफायनरी.

टाटांच्या त्या सेवेचा ड्युटी चार्ट कुणी बनवत नव्हतं. लंडनचं टपाल आठवड्यातून एकदा कराचीत यायचं, ते आलं की निघायचं. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, तेव्हा मुक्काम पुण्याला. आणि रात्र झाली की काम संपलं, कारण मैदानांवर दिवेच नव्हते. बेल्लारीला रात्रीचा मुक्काम होता तो याच कारणानं. विश्रांतीचा नियम कुठं लिहिलेला नव्हता. अंधारच सुट्टी देत होता.

अमेरिकेनं तोवर हा अंधार हटवला होता. १९२१ मध्ये शेतांत शेकोट्या पेटवून रात्रीचं टपाल नेऊन दाखवलं, आणि १९२४ पासून दिव्यांच्या रांगांच्या आधारानं नियमित रात्रसेवा सुरू झाली. दिवे आले आणि वैमानिकाला थांबवणारं काही उरलं नाही. मंदीच्या काळात कंपन्या तास वाढवायला आणि पगार कापायला लागल्या, तेव्हा वैमानिकांची संघटना उभी राहिली. १९३४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळानं निकाल क्रमांक ८३ दिला: महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास उड्डाण. त्याच वर्षीच्या हवाई टपाल कायद्यात तो गेला. जगातल्या पुढच्या अनेक चार्टांवर या आकड्याची सावली आहे. बघा, हाही टपालाचाच कायदा. प्रवासी तेव्हा नावालाच होते.

मोठी गोष्ट होती ती. पण त्या ८५ तासांत एक खोट राहून गेली. ती कळायला नागपूरला यावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. देश मोठा, रेल्वेनं पत्र जायला दिवसच्या दिवस. त्यांच्या कारकिर्दीत ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, आणि तिचं मधलं ठाणं ठरलं नागपूर. तेव्हा नागपूर महाराष्ट्रात नव्हतं, मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. निवड झाली ती नकाशामुळे. मुंबई सुमारे ७०० किलोमीटर, दिल्ली साधारण ८५०, मद्रास ९०० च्या आसपास, कलकत्ता ९७० च्या घरात. चारही महानगरं जवळपास सारख्या अंतरावर असलेलं दुसरं शहर शोधून सापडणार नाही.

रोज रात्री चार दिशांनी चार विमानं निघायची. डाकोटा जातीची, महायुद्धातून स्वस्तात मिळालेली. मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या विमानतळावर एकामागून एक उतरायची. मुंबईच्या विमानातून दिल्लीच्या, कलकत्त्याच्या, मद्रासच्या थैल्या खाली यायच्या आणि त्या त्या विमानात चढायच्या. थोडे प्रवासीही असायचे, कमी भाड्यात. अदलाबदल झाली की चारही विमानं आली तिकडे परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. त्याच वर्षी १ एप्रिलपासून साध्या पत्रांनाही जादा तिकीट न लावता विमानानं न्यायला सुरुवात झाली, तेव्हा या थैल्या आणखी फुगल्या.

एमबीएच्या वर्गात आम्हाला फेडेक्सचा धडा होता. एक केंद्र, सगळीकडून रात्री माल तिथं आणायचा, निवडायचा, पहाटेपूर्वी परत पाठवायचा. मेम्फिस शहर, १७ एप्रिल १९७३, चौदा छोटी जेट विमानं, पहिल्या रात्री १८६ पाकिटं, २५ शहरं. प्राध्यापकांनी अमेरिकन बुद्धीचं कौतुक केलं, आम्ही टिपून घेतलं. वर्गात निम्मी पोरं मराठी होती. नागपूरला हेच चोवीस वर्षं आधी झालं होतं हे कुणी सांगितलं नाही. याचा मला अजून थोडा राग आहे, तो असू द्या.

या सेवेचा इतिहास सुखाचा नव्हता. सुरुवातीच्या काळात ती खासगी कंपन्यांकडे होती आणि हात बदलत राहिली. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि काम इंडियन एअरलाइन्सकडे आलं. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या रात्री रात्रटपालाचा एक डाकोटा नागपूरहून उडाल्या उडाल्या कोसळला. विमानात चौदा जण होते, तेरा गेले. तरी सेवा चालू राहिली, सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत.

आता ती खोट. मुंबई-नागपूर डाकोटानं अडीच तासांच्या थोडं वर. जाऊन-येऊन साडेपाच तास धरा. महिन्यात अशा पंधरा फेऱ्या केल्या तर झाले साधारण ८२ तास. म्हणजे अमेरिकेच्या त्या ८५ च्या आतच! शिवाय मुंबईचा वैमानिक रोज सकाळी आपल्या घरी, आपल्या गादीवर. हॉटेल नाही, परगाव नाही. चार्ट बघणारा साहेब म्हणेल, किती छान नोकरी, अर्धा महिना मोकळा. पण त्या माणसानं महिन्यातल्या पंधरा रात्री पूर्ण जागून काढल्या आणि पंधरा वेळा पहाटे, डोळे सर्वात जड असताना, विमान जमिनीवर टेकवलं. उड्डाणाच्या तासांच्या मीटरवर यातलं काहीच उमटत नाही. दुपारचा तास आणि पहाटे चारचा तास त्याच्या लेखी सारखाच.

पहाटे दोन ते सहा या वेळाला विमान क्षेत्रात वेगळं नाव आहे. शरीराचं तापमान तेव्हा सर्वात खाली असतं आणि लक्षही. हे आपल्या आयांना माहीत होतं, बाळाचं रडणं पहाटे तीनला जास्त का टोचतं ते त्यांना विचारा. पण नियमांत यायला खूप वेळ लागला आणि त्यासाठी विमानं पडावी लागली.

१८ ऑगस्ट १९९३ ला क्युबातल्या ग्वांतानामोच्या तळावर एक डीसी-८ मालवाहू विमान उतरताना कोसळलं. तिघेही वैमानिक-कर्मचारी जबर जखमी झाले, पण वाचले, त्यामुळे त्यांना विचारता आलं. अठरा तासांच्या आसपास ड्युटी झालेली. कॅप्टन तेवीस तासांहून जास्त जागा होता. आदल्या रात्रभर ते उडत होते, सकाळी सुटणार होते, तेवढ्यात कंपनीनं आणखी एक फेरी गळ्यात मारली. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं मोठ्या विमान अपघाताच्या कारणात वैमानिकांचा थकवा स्पष्टपणे लिहिला तो इथं पहिल्यांदा. टपालासाठी तासांची मर्यादा आली होती आणि थकवा अधिकृत कागदावर आला तोही मालाच्याच विमानामुळे.

आखातातल्या मराठी माणसाच्या मनात मात्र दुसरं नाव असतं: मंगळूर. २२ मे २०१०, दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमाराला मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीपलीकडे गेलं. १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालातली गोष्ट वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात पहिले सुमारे एक तास चाळीस मिनिटं बोलणंच नाही, घोरण्याचा आवाज आहे. कॅप्टन झोपला होता आणि उतरण्याच्या आधी जागा झाला. गाढ झोपेतून उठल्यावर काही वेळ माणूस अर्धवट असतो, निर्णय चुकतात, तेही अहवालानं नोंदवलं. सहवैमानिकानं पुन्हा वर जाऊ या असं सुचवलं होतं.

आणि आता ताईंच्या प्रश्नाशी थेट लागणारा भाग. तो कॅप्टन दमून-भागून आठवडाभर राबत नव्हता. तो नुकताच सुट्टीवरून परतला होता. ऑफचे दिवस त्याच्या खात्यात भरपूर होते. मंगळूरहून दुबईला जायचं आणि त्याच रात्री परत फिरायचं, ही एक रात्र त्याला पुरून उरली. सुट्टी साठवून ठेवता येत नाही, पगारासारखी.

मग सुट्टी मोजायची कशी? याचं मला पटलेलं उत्तर ब्रिटिशांकडून आलं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही पाय नसताना लढाऊ विमानं उडवणारे डग्लस बेडर यांच्या अध्यक्षतेखाली तिथं एक समिती बसली होती, तिचा अहवाल १९७३ चा. त्यातून १९७५ मध्ये ‘सीएपी ३७१’ या नावाची नियमावली निघाली. आखातातल्या अनेक देशांच्या नियमांवर तिची छाप आहे. तिच्यातले आकडे बघा. सलग सात दिवसांपेक्षा जास्त ड्युटी नाही. चौदा दिवसांत एकदा तरी सलग दोन दिवस ऑफ. चार आठवड्यांत किमान सात. इथपर्यंत आपल्या ऑफिसांसारखंच. पण पुढं एक दिवस म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि तिथं ही मंडळी मला फार शहाणी वाटतात. एक दिवस ऑफ म्हणजे किमान ३४ तास, आणि त्यात दोन स्थानिक रात्री आल्याच पाहिजेत. स्थानिक रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी आठ यांच्या मधले आठ तास.

चौतीस हा विचित्र आकडा कुठून आला असेल? गुरुवारी रात्री दहाला सुटलेला माणूस शनिवारी सकाळी आठला परत आला तर मोजून चौतीस तास होतात, आणि दोन्ही रात्री पूर्ण पदरात पडतात. हे झालं दिवसपाळीवाल्याचं. आता आपल्या रात्रपाळीवाल्याला हाच नियम लावा. तो गुरुवारी सकाळी सहाला सुटला. दोन रात्री म्हणजे गुरुवारची आणि शुक्रवारची. त्याची ‘एक दिवसाची’ सुट्टी शनिवारी सकाळपर्यंत लांबली, अठ्ठेचाळीस तास. शुक्रवारी संध्याकाळी गेटवर उभं राहायचं नाही. वेगळा भत्ता नको, वेगळा अर्ज नको, रात्र मोजली की सुट्टी आपोआप मोठी होते. सॉफ्टवेअरमध्ये लिहायला ही एका ओळीची अट आहे. मी कारखान्यांच्या पाळ्यांसाठी ती सुचवून पाहिली आहे. माणसं वाढवावी लागतील, असं उत्तर येतं. खरंच आहे ते, वाढवावी लागतात.

माणसं वाढवण्याचा खर्च कुठवर नेतो ते अमेरिकेत दिसलं. २००९ मध्ये बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडलं, पन्नास जण गेले, देश हादरला. त्यातून विश्रांतीचे नवे कडक नियम आले, २०१२ ला जाहीर झाले आणि २०१४ च्या जानेवारीत लागू. त्यातून मालवाहू विमानं वगळली. सरकारी हिशोब असा की खर्च जास्त आणि फायदा कमी. फायदा म्हणजे वाचणारे जीव, आणि मालाच्या विमानात जीव दोन-चारच. खर्च-फायद्याचं हे कोष्टक मी वर्गात शिकलो आहे, ग्राहकांना करूनही देतो. इथं ते लावणं मला पटत नाही. तोच वैमानिक, तीच पहाट, तेच आकाश, खाली तीच घरं.

नियम जाहीर होऊन लागू व्हायच्या मधल्या काळात, १४ ऑगस्ट २०१३ ला, यूपीएसचं एक मालवाहू विमान अलाबामातल्या बर्मिंगहॅमला पहाटे पाचच्या आधी धावपट्टीअलीकडच्या टेकाडावर आदळलं. दोघेही वैमानिक गेले. उड्डाणापूर्वीच्या ध्वनिमुद्रणात दोघं याच विषयावर बोलत होते: प्रवासी विमानवाल्यांना नवे नियम आणि आपल्याला नाहीत. तपासात आणखी एक गोष्ट निघाली, घरच्यांनी ऐकावी अशी. सहवैमानिक बाईंना या ड्युटीआधी सुट्टी पुरेशी मिळाली होती, पण त्या सुट्टीत पुरेशी झोप झाली नव्हती.

तेव्हा ताई, तुमच्या दादाचे बारा दिवस असे मोजा. पहिल्या दोन-तीन दिवशी तो घरात असतो, पण त्याचं शरीर अजून अँकरेजला असतं. दुपारी जेवताना पेंगणार, रात्री दोनला फ्रिज उघडणार. शेवटचा दिवस पुढच्या रात्रजागरणाची तयारी म्हणून दुपारची झोप काढण्यात जाईल. उरले आठ. त्यातला एखादा वैद्यकीय तपासणीत किंवा परवान्याच्या कागदपत्रांत. तुम्ही त्याला आल्या दिवशी बँकेत, दुसऱ्या दिवशी लग्नाला आणि तिसऱ्या दिवशी गावी नेत असाल, तर तो म्हणतो ते खरं आहे. शुऐबाच्या रात्रपाळीवाल्यांच्या घरीही हेच. शुक्रवारी दुपारी मंडळाचा कार्यक्रम ठेवला की निम्मे बाबा खुर्चीत झोपलेले दिसतात, त्यांना हसू नका. आणि वहिनी, पोरांना दुपारी दोनपर्यंत गप्प बसवणं हे तुमचं काम कुणाच्याच चार्टवर लिहिलेलं नसतं, ते आम्हाला ठाऊक आहे.

आपल्याकडचा ताजा अंक सांगतो आणि थांबतो. भारतात मंगळूरनंतर, २०११ मध्ये, वैमानिकांसाठी आठवड्याला सलग ३६ तास विश्रांती आणि त्यात दोन स्थानिक रात्री असा नियम आला. २०२४ च्या जानेवारीत नवे नियम जाहीर झाले: ३६ चे ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीच्या वेळातली लँडिंग सहाऐवजी दोन. कंपन्यांनी वेळ मागितला, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी नियम दोन हप्त्यांत लागू झाले, २०२५ च्या जुलैत आणि नोव्हेंबरात. मग डिसेंबर उजाडला. इंडिगोकडे नव्या चार्टला पुरतील एवढे वैमानिक नव्हते, हजारो उड्डाणं रद्द झाली. तुमच्यापैकी काहींची नाताळच्या सुट्टीची तिकिटं त्यात अडकली असतील.

त्या गोंधळात ५ डिसेंबरला एक कलम मागे घेतलं गेलं. वर्तमानपत्रात ते दोन ओळींत आलं. कलम असं होतं, की वैमानिकानं घेतलेली रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून धरायची नाही. रजा वेगळी, विश्रांती वेगळी. ते कलम गेल्यावर आता कुणी बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस रजा टाकली, तर कंपनीला म्हणता येतं, झाली की तुमची या आठवड्याची विश्रांती. लग्नघरात किती झोप होते ते तुम्हीच सांगा.

तुमच्या घरात पाळीचा चार्ट फ्रिजवर लावलेला असेल, तर या महिन्याचे ऑफ एकदा रात्रींत मोजून बघा आणि आकडा आम्हाला कळवा. पुढच्या भागात शुऐबाच्या रिफायनरीच्या चार पाळ्यांबद्दल, १९६८ पासून ती २०१७ मध्ये बंद होईपर्यंत. तिथं काम केलेले काही काका बोलायला तयार झाले आहेत. नमस्कार.